रेसिंग सिम्युलेटरसाठी कमी बजेटचा पीसी: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर, पनवेल इथून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाव सतत हलतात, म्हणून रुपयांचे आकडे मोजक्याच ठिकाणी आहेत. कोणता भाग घ्यायचा आणि का, हे मात्र सविस्तर आहे. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला असेल तर तोही वाचा, मगच खरेदीला निघा.

१. साधा रेसिंग गेम आणि सिम्युलेटर यांत फरक काय? सुरुवात कशापासून करू?

साध्या गेममध्ये गाडी तुम्हाला सावरून घेते. सिम्युलेटरमध्ये तुम्हाला गाडी सावरावी लागते. टायरचं तापमान, हवेचा दाब, प्रत्येक चाकावर येणारा भार यांचं गणित तिथे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. आयरेसिंगमध्ये ते ३६० वेळा होतं.

पहिला सिम्युलेटर म्हणून मी आजही असेटो कोर्साच सुचवतो. तो २०१४ चा आहे, त्यामुळे साध्या पीसीवरही सुरळीत चालतो, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये खूप स्वस्त मिळतो आणि लोकांनी बनवलेल्या गाड्या-ट्रॅकची त्याला वाण नाही. जीटी-३ गाड्यांची (शर्यतीसाठी बदललेल्या स्पोर्ट्स कारची) ओढ असेल तर २०१९ चा असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने घ्या. पण तो पीसीला चांगलाच जड जातो. रॅलीसाठी डर्ट रॅली २.० आहे. रेसरूम मोफत सुरू करता येतो. आयरेसिंगला वर्गणी लागते, वर गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात. हात बसेपर्यंत तिकडे जाऊ नका. युरो ट्रक सिम्युलेटर २ शर्यतीचा नाही, पण व्हीलवर (पीसीला जोडायच्या स्टिअरिंगवर) तो चालवण्याची मजा काही औरच आहे.

२. एकूण किती पैसे लागतील?

सगळं नवं घ्यायचं तर मॉनिटर, व्हील, पेडल्स आणि स्टँड धरून एक लाखाचं बजेट समोर ठेवा. माझी वाटणी अशी असते: व्हील-पेडल्स आणि स्टँडला तीस-बत्तीस हजार, मॉनिटरला दहा, आणि उरलेल्यात कॅबिनेटच्या आतलं सगळं. बहुतेक जण नेमकं उलट करतात. ऐंशी हजार पीसीत घालतात आणि मग व्हीलला चार हजार उरतात. पडद्यावरचं गवत सुंदर दिसतं, पण मागचं चाक सुटतंय हे हाताला कळतच नाही. सिम्युलेटरमध्ये पीसी पुरेसा असला की झालं. त्यापुढचा रुपया हाताला आणि पायाला जे जाणवतं त्यात गेला पाहिजे.

पन्नास हजारांतही जमतं. त्यासाठी प्रश्न १३ आणि १४ वाचा.

३. पैसे टप्प्याटप्प्याने येणार आहेत. आधी पीसी घेऊ की व्हील?

घरात थोडाफार चालणारा पीसी किंवा लॅपटॉप असेल तर आधी व्हील घ्या. असेटो कोर्सा कमी सेटिंगवर, एकट्याने, रिकाम्या ट्रॅकवर चालवा. हात तयार होतो, आणि पुढे पीसी घेताना आपल्याला काय हवंय ते नक्की कळतं. घरात काहीच नसेल तर पीसी घ्या आणि दोन-तीन महिने साध्या गेमपॅडवर (हातात धरायच्या बटणांच्या कंट्रोलरवर) काढा.

४. प्रोसेसर कोणता?

रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय५-१२४००एफ. दोन्ही २०२२ चे, दोन्हींत सहा कोर (गणित करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). ज्या दिवशी मदरबोर्डसकट (सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य पाटीसकट) जो स्वस्त पडेल तो उचला.

सिम्युलेटर प्रोसेसरवर इतका का अवलंबून असतो ते समजून घ्या, कारण दुकानदार सगळं लक्ष ग्राफिक्स कार्डाकडे वळवतो. ट्रॅकवर आणखी वीस-पंचवीस गाड्या असतील तर प्रत्येकीच्या हालचालीचं गणित प्रोसेसरकडे असतं, आणि त्यातला मोठा भाग एक-दोन कोरवरच येतो. म्हणून एकट्याने सराव करताना फ्रेम (सेकंदाला उमटणारी चित्रं) भरपूर दिसतात, आणि शर्यत सुटल्यावर सगळा घोळका पहिल्या वळणावर एकत्र आला की धाडकन खाली येतात. नेमक्या ज्या क्षणी तुम्हाला सगळं स्पष्ट दिसायला हवं, त्याच क्षणी. सोळा कोरचा महागडा प्रोसेसर इथे कामाचा नाही. कोरचा वेग आणि कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) या दोन गोष्टी कामाच्या.

कॅशवरूनच एक सूचना. रायझनच्या एक्सथ्रीडी मालिकेत कॅश खूप मोठी असते आणि सिम्युलेटरना तिचा मोठा फायदा होतो. ५६०० च्याच एएम-४ प्रकारच्या मदरबोर्डवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५७००एक्सथ्रीडी किंवा ५८००एक्सथ्रीडी बसतो. पुढे कधी वापरलेला, चांगल्या स्थितीत मिळाला तर बाकी काही न बदलता पीसीचा नूरच पालटतो.

५६००जी मात्र ५६०० समजून घेऊ नका. त्यात ग्राफिक्स अंगचं असतं, पण कॅश निम्मी आहे: ३२ च्या जागी १६ एमबी.

५. ग्राफिक्स कार्ड कोणतं? ८ जीबी पुरेल का?

एका १०८०पी (१९२० बाय १०८० ठिपक्यांच्या) मॉनिटरसाठी कार्डाची स्वतःची ८ जीबी मेमरी पुरते. बजेटमध्ये आरएक्स ६६०० हे माझं पहिलं उत्तर. वीज कमी खातं, तापत कमी, आणि असेटो कोर्सासारख्या गेमला हवं त्याहून जास्तच देतं. थोडे जास्त पैसे असतील तर आरटीएक्स ४०६०. पुढे तीन स्क्रीन किंवा व्हीआर (डोक्याला बांधायचा हेडसेट) मनात असेल तर १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० बघा, आणि प्रश्न २२ वाचा.

आरएक्स ६५०० एक्सटीच्या वाटेला जाऊ नका. ते मदरबोर्डशी फक्त चार लेनने (माहितीच्या वाटांनी) बोलतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याचा वेग आणखी पडतो. इंटेलचं आर्क बी५८० कागदावर मोहात पाडतं, १२ जीबी आहे, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असलेला बोर्ड लागतो आणि सोबत प्रोसेसर कमजोर असेल तर त्याची कामगिरी घसरते. नव्या, तगड्या प्रोसेसरबरोबर ठीक. जुन्या पीसीत टाकायला नको.

६. रॅम, एसएसडी आणि मदरबोर्डाचं काय?

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. एकच १६ ची पट्टी लावली तर रॅम आणि प्रोसेसरमधला रस्ता निम्मा होतो, आणि सिम्युलेटरमध्ये ते जाणवतं. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव खूप चढले आहेत, म्हणून या बजेटात डीडीआर-४ च बरी.

एसएसडी (गेम साठवण्याची जागा) एनव्हीएमई या वेगवान प्रकारची, जमल्यास १ टीबी. मॉड (लोकांनी बनवलेल्या गाड्या-ट्रॅक) डाउनलोड करण्याची चटक लागली की ५०० जीबी बघता बघता भरते. मदरबोर्ड साधा चालेल; फक्त मागे पुरेसे यूएसबी आहेत ना ते बघा. व्हील, वेगळी पेडल्स, शिफ्टर, कीबोर्ड, माउस मिळून पाच तिथेच गेले.

७. दुकानदार म्हणतो कॅबिनेटबरोबर पॉवर सप्लाय फुकट मिळतो. चालेल?

नाही. संपूर्ण पीसीत एकच भाग असा आहे जो जाताना बाकीच्यांनाही घेऊन जाऊ शकतो, तो हा.

हिशोब साधा आहे. ५६०० ला ६५ वॅट, आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, बाकी सगळं धरून तीनशेच्या आत. नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा सप्लाय भरपूर होतो. फुकटच्या डब्यावरही ५०० वॅट लिहिलेलं असतं, पण तो तेवढा भार झेलेलच असं नाही. ८० प्लस ब्राँझचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, आतले भाग किती चांगले आहेत ते नाही. म्हणून शिक्क्याबरोबर वॉरंटीची वर्षंही बघा.

८. मॉनिटर केवढा घेऊ? टीव्ही चालेल का?

२४ इंची, १०८०पी, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा त्याहून जास्त, फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग फ्रेमशी जुळवणारी सोय) असलेला. टीव्हीवर चित्र मोठं दिसतं, पण बऱ्याच टीव्हींत गेम मोड चालू केला नाही तर चित्र उशिरा उमटतं. चित्र मागे राहिलं की गाडी घसरल्यावर तुमचे हातही मागे राहतात.

आकारापेक्षा अंतर महत्त्वाचं. २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असतो. तो डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर जगाचा जेमतेम ४८ अंशांचा तुकडा खऱ्या मापात दिसतो. ५० वर आणला की ५६ अंश. म्हणून मॉनिटर व्हीलच्या अगदी मागे, जवळ आणा. गेममध्ये फील्ड ऑफ व्ह्यू (दिसणाऱ्या जगाचा कोन) त्याच मापाने ठेवा. असेटो कोर्सा उभा कोन विचारतो, तो ६० सेंटिमीटरला साधारण २८ येतो. पहिल्यांदा नाकासमोर भिंत आल्यासारखं वाटेल, वेगही कमी भासेल. आठवडाभर तसंच चालवा. वळण किती लांब आहे याचा अंदाज बरोबर यायला लागला की जुन्या सेटिंगवर परत जावंसं वाटणार नाही.

९. तीन-चार हजारांत व्हील मिळतंय, १८० अंश फिरतं. सुरुवातीला तेच घेऊ?

घेऊ नका. त्या व्हीलमध्ये आत स्प्रिंग किंवा रबर असतं, ते फक्त मधोमध परत येतं. गाडी काय करते आहे ते हाताला सांगणारी मोटर त्यात नसते. त्यापेक्षा चांगला गेमपॅड घ्या आणि पैसे साठवा.

फोर्स फीडबॅक (मोटरने हाताला जाणवणारा जोर) असलेलं, ९०० अंश फिरणारं पहिलं व्हील म्हणजे आपल्याकडे बहुधा लॉजिटेकचं जी-२९ किंवा जी-९२०. आतून दोन्ही जवळपास सारखीच. जी-२९ प्लेस्टेशनला चालतं, जी-९२० एक्सबॉक्सला, आणि पीसीला दोन्ही. गिअरवर चालतात, त्यामुळे थोडी खडखड करतात, पण वर्षानुवर्षं टिकतात आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक पटकन मिळतं. थ्रस्टमास्टरची पट्ट्यावर चालणारी व्हील जास्त मऊ आणि शांत असतात. त्याच्या वर डायरेक्ट ड्राइव्ह येतं, जिथे व्हील थेट मोटरच्या दांड्यावर बसतं: मोझा आर-५ साधारण ५.५ न्यूटन-मीटर जोर देतं, तर जी-२९ दोनच्या आसपास. फरक प्रचंड आहे, पण टेबलाला साधा क्लॅम्प लावून तो जोर पेलत नाही. स्टँडचा खर्च आधी धरा.

१०. व्हील आहे, पीसीही चांगला आहे, तरी लॅप टाइम दर वेळी वेगळा येतो. काय बदलू?

बहुतेक वेळा ब्रेक.

इटलीतल्या मोंझा ट्रॅकचं पहिलं वळण घ्या. लांबलचक सरळ रस्त्यावरून भरधाव यायचं आणि अगदी अरुंद शिकेनमध्ये (लागोपाठच्या उलटसुलट वळणांत) शिरायचं. पाटी दिसली की आधी ब्रेकवर पूर्ण जोर. मग वेग उतरत जाईल तसा पाय हळूहळू सैल करत, ब्रेक अजून थोडा लागलेला असतानाच व्हील वळवायला सुरुवात. पाय पटकन उचलला तर पुढची चाकं हलकी होऊन गाडी सरळच निघून जाते. उशिरा उचलला तर मागची बाजू फिरते. हा सगळा खेळ पायाच्या तळव्यातल्या दाबाचा आहे. साधं पेडल मात्र दाब मोजत नाही, किती खाली गेलं ते मोजतं. पायाला दाब लक्षात राहतो, अंतर राहत नाही. म्हणून दर लॅपला थोडं थोडं चुकतं.

यावर खरा उपाय लोड सेलचं पेडल. ते दाबच मोजतं. पीसीत आरएक्स ६६०० च्या जागी दुप्पट किमतीचं कार्ड टाकण्याऐवजी ते पैसे लोड सेलमध्ये घालणाऱ्याला मी नेहमी शाबासकी देतो. तोवर एवढं करा: जी-२९ च्या ब्रेकमध्ये रबराचा ठोकळा असतो, त्यामुळे पेडल अर्ध्यातच घट्ट होतं. ते शंभर टक्क्यांपर्यंत पोहोचत नसेल तर गेममध्ये ब्रेकचं कॅलिब्रेशन पुन्हा करा. आणि पेडल्स जमिनीवर सरकत असतील तर लोड सेलही वाया. प्रश्न ११ बघा.

११. वन बीएचके आहे. कायमचा सेटअप ठेवायला जागा नाही, आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. मार्ग काय?

घडीचा व्हील स्टँड घ्या. व्हील आणि पेडल्स त्यावर बसवलेलीच राहतात, सगळं दुमडून दाराआड किंवा कपाटाशेजारी उभं करता येतं. टेबलावर व्हील आणि लादीवर सुटी पेडल्स ही जोडी टिकत नाही. जोरात ब्रेक मारला की पेडल्स पुढे जातात आणि चाकांची खुर्ची मागे. चार पायांची साधी खुर्ची वापरा. चाकांचीच असेल तर तिच्या पायापासून स्टँडपर्यंत एक पट्टा बांधून टाका.

खाली ऐकू येतो तो बहुधा पेडलचा धप्प आवाज, स्पीकरचा नव्हे. तो लादीतून जातो. व्यायामाच्या जागी अंथरतात त्या जाड मॅट स्टँडखाली दोन थर घाला. रात्री खेळायचं तर हेडफोन आणि पट्ट्याचं किंवा डायरेक्ट ड्राइव्ह व्हील उत्तम. गिअरच्या व्हीलची खडखड दार लावलं तरी बाजूच्या खोलीत झोपलेल्याला ऐकू येते.

१२. लॅमिंग्टन रोडला जाऊ की ऑनलाइन मागवू?

लॅमिंग्टन रोड म्हणजे मुंबईत ग्रँट रोडजवळचा संगणकाच्या भागांचा बाजार. दोन्हीकडचे भाव त्याच दिवशी काढा. यादी आधी पक्की करा, मग तीन-चार दुकानांत तीच यादी द्या. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिमेची धीमी लोकल, ग्रँट रोडला उतरा. नवी मुंबईहून हार्बरने कुर्ला, तिथून मध्य रेल्वेने दादर, पुढे तेच. रविवारी जाऊ नका; बहुतेक दुकानं बंद असतात, आणि मेगाब्लॉक असला तर दिवसच जातो.

'बिलाशिवाय घेतलं तर इतकं कमी' हे ऐकायला मिळेल. नको म्हणा. जीएसटीचं बिल आणि त्यावर सीरियल नंबर असेल तर वॉरंटीत कोणी हात झटकू शकत नाही. ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लायबाबत तर हे अजिबात सोडू नका. ऑनलाइन मागवलंत तर खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, वरचं लेबल आणि सीरियल नंबर स्पष्ट दिसेल असा.

१३. महापे-ऐरोलीतल्या कंपन्यांमधून निघालेले ऑफिसचे पीसी स्वस्तात मिळतात. त्यात कार्ड टाकून होईल का?

होईल, आणि पन्नास हजारांच्या आत बसवायचं असेल तर हाच चांगला रस्ता. पण अडचणी तीन.

पहिली म्हणजे प्रोसेसरची पिढी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचं लागतं. सहावी-सातवी पिढी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. आठव्या पिढीचा आय५-८५०० सहा कोरचा आहे, असेटो कोर्सासाठी पुरतो.

दुसरी म्हणजे पॉवर सप्लाय. या डब्यांत कंपनीचा स्वतःच्या मापाचा सप्लाय असतो. बाजारातला बदलून बसत नाही, आणि कार्डासाठीची वेगळी केबलही नसते. म्हणून ७५ वॅटच्या आत, थेट स्लॉटवरून वीज घेणारं कार्डच चालतं. जीटीएक्स १६५० अशा प्रकारात मिळतं, पण त्याचे काही मॉडेल वेगळी केबल मागतात, बघून घ्या.

तिसरी उंची. अरुंद डब्यात लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच बसतं. आरएक्स ६४०० उंचीला बसेल, पण तेही चार लेनचंच, आणि आठव्या पिढीच्या बोर्डावर त्याला फटका बसतो. टॉवर आकाराचा डबा मिळाला तर तोच घ्या.

१४. वापरलेलं कार्ड किंवा व्हील घेताना काय तपासू?

कार्ड: इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं अहोरात्र चालवून चलन मिळवणं) सप्टेंबर २०२२ मध्ये थांबलं, आणि त्या काळातली कार्डं अजून बाजारात फिरतात. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंखे मात्र झिजलेले असतात. विकणाऱ्याच्या घरी, चालू पीसीवर, अर्धा तास जड गेम किंवा बेंचमार्क (ताकद मोजणारा प्रोग्राम) चालवून बघा. पंखा खरखरतो का, पडद्यावर ठिपके येतात का, तापमान चढतच राहतं का. पिशवीतून आणून रेल्वे स्टेशनावर हातात देणाऱ्याकडून घेऊ नका.

व्हील: प्लग लावला की ते स्वतःहून दोन्ही टोकांना फिरून मधोमध थांबलं पाहिजे. मग विंडोजच्या शोधात 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' उघडा आणि एकेक पेडल अगदी सावकाश दाबा. पट्टी सरळ वाढली पाहिजे. मध्येच उडी मारत असेल किंवा थरथरत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर (पेडल किती दाबलं ते मोजणारा भाग) घाण झालाय किंवा झिजलाय. साफ करता येतो, पण भाव तेवढा कमी करून घ्या. जुन्या जी-२५, जी-२७ मध्ये आतली एन्कोडरची (व्हील किती फिरलं ते मोजणारी) चकती तडकते आणि व्हीलचा मध्य सरकत राहतो. भराभर दहा-बारा वेळा डावी-उजवीकडे फिरवून सोडा, मध्य तिथेच राहतो का ते बघा.

१५. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, आणि खेळता खेळता व्हील मध्येच बंद पडतं. व्हील खराब आहे का?

आधी अर्थिंग बघा. हे उत्तर पुढे ढकलू नका.

पॉवर सप्लायच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात. त्यांचं एक टोक कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेलं असतं. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मेन्सच्या साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, म्हणून मुंग्या येतात. तोच घोळ यूएसबीतून व्हीलपर्यंत जातो आणि व्हीलचा संपर्क तुटू शकतो. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते.

इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटरने मोजून घ्या. फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच आलं पाहिजे जेवढं फेज आणि न्यूट्रलमध्ये येतं, म्हणजे २३० च्या आसपास. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थमध्ये शंभर-सव्वाशे किंवा काहीतरी उड्या मारणारा आकडा दिसला तर अर्थिंग तुटलेलं आहे. न्यूट्रलचीच वायर अर्थच्या भोकात जोडून देतो म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. न्यूट्रल कुठे तुटली तर अख्ख्या कॅबिनेटमध्ये फेज येतो.

अर्थिंग नीट असूनही व्हील तुटत असेल तर ते यूएसबी हबमधून काढून पीसीच्या मागच्या पोर्टमध्ये लावा, आणि विंडोजमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सोय) बंद करा.

१६. पावसाळ्यात लाइट ये-जा करते. यूपीएस कोणता? दमट हवेचा त्रास होतो का?

बाजारातल्या नेहमीच्या ६०० व्हीएच्या (व्होल्ट-अँपिअर) यूपीएसची ताकद साधारण ३६० वॅट असते. पीसी, मॉनिटर मिळून तीनशेच्या आसपास, म्हणजे अगदी काठावर. एक हजार व्हीएच्या पुढचा घ्या आणि व्हीलचा अडॅप्टर त्यावर लावू नका. काही सप्लाय स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींवर बिथरतात आणि लाइट जाताच पीसी बंद होतो. म्हणून घेतल्याच्या दिवशीच गेम चालू ठेवून मेन स्विच काढून बघा. बदलून घ्यायचा तर तेव्हाच.

खाडीलगत, म्हणजे कळवा, ऐरोली, वाशीच्या बाजूला, दमट खारी हवा धातूला लवकर गंजवते. पीसी खिडकीखाली किंवा जमिनीवर ठेवू नका. पावसाळ्यात आठवड्यातून तीन-चार वेळा तरी तासभर चालू ठेवा. आतली ऊब ओल धरू देत नाही. पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, पंख्यांवरची धूळ काढत राहा.

१७. वीजबिल किती वाढेल?

फार नाही. तीनशे वॅट, रोज दोन तास, म्हणजे ०.६ युनिट. महिन्याला अठरा युनिटच्या आसपास. एसी लावून खेळत असाल तर बिल एसीचं असेल.

१८. सगळं नवं आहे, तरी फ्रेम कमी येतात किंवा अडखळतात. का?

या क्रमाने बघा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की मदरबोर्डात? विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडलंय की अजून ६० वरच आहे? बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सोय) चालू आहे का? नसेल तर ३२०० ची रॅम बऱ्याचदा त्याहून कमी वेगाने धावते. रॅमच्या दोन्ही पट्ट्या बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या खाचांतच आहेत का?

हे सगळं ठीक असेल तर गेममध्ये आरशांचा दर्जा, सावल्या आणि एका वेळी दिसणाऱ्या गाड्यांची संख्या कमी करा. मग फ्रेम अशा आकड्यावर बांधा जो शर्यतीच्या सुरुवातीलाही टिकेल. एकसारख्या ८० फ्रेम १४० आणि ६० मध्ये हेलकावणाऱ्या फ्रेमपेक्षा केव्हाही बऱ्या, कारण ब्रेकचा अंदाज डोळ्यांना दिसणाऱ्या वेगावर बसतो.

१९. फोर्स फीडबॅक शंभर टक्के ठेवलाय, व्हील जड लागतं, पण बारकावे जाणवत नाहीत.

शंभर टक्के ठेवलाय म्हणूनच. मोटरची ताकद मर्यादित असते. लांब वेगवान वळणात गेम त्याहून जास्त जोर मागतो, मोटर कमाल पातळीवर अडकते, आणि टायर सुटताना होणारा जोरातला बारीक फरक दिसेनासा होतो. याला क्लिपिंग म्हणतात. असेटो कोर्सात पेडल्सच्या पट्ट्यांशेजारी फोर्स फीडबॅकची पट्टी असते. ती वेगवान वळणात सतत लाल होत असेल तर गेन (जोराची पातळी) पाच-पाच टक्क्यांनी उतरवा, कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) गेल्यावरच क्षणभर लाल व्हावी. हात हलके लागतील, पण गाडी बोलायला लागेल.

२०. गेमिंग लॅपटॉप आहे. तो विकून पीसी घेऊ का?

लगेच नको. ग्राफिक्स वेगळं असलेला लॅपटॉप एका मॉनिटरसाठी बराच काळ पुरतो. चार्जर लावूनच खेळा, मागून थोडा उंच ठेवा आणि बाहेरचा मॉनिटर जोडा. वाचलेले पैसे प्रश्न ९ आणि १० मध्ये सांगितलेल्या गोष्टींत घाला.

२१. मुलगी अकरावीत आहे, तिला व्हील हवंय. तोच पीसी अभ्यासाला चालेल का?

नक्की चालेल. प्रश्न ४ ते ६ मधला पीसी कोडिंग, प्रोजेक्ट, व्हिडिओ एडिटिंग सगळ्याला पुरतो आणि इंजिनिअरिंगची पहिली वर्षंही काढतो. व्हील घडीच्या स्टँडवर असेल तर अभ्यासाच्या टेबलावर ते सतत समोर राहत नाही. तिला पीसी जोडतानाही सोबत बसवा. प्रोसेसर बसवणं, रॅमची पट्टी टक् आवाज येईपर्यंत दाबणं हे तिने स्वतःच्या हाताने केलं तर पुढची दुरुस्ती घरच्या घरी होते.

२२. तीन स्क्रीन चांगल्या की व्हीआर? याच पीसीवर होईल?

असेटो कोर्सासारख्या हलक्या सिम्युलेटरवर होईल, कॉम्पिटिझिओनेवर ओढाताण होईल. तीन १०८०पी मॉनिटर म्हणजे एकाच्या तिप्पट, साधारण ६२ लाख पिक्सेल, सेकंदाला निदान ६० वेळा. बाजूच्या स्क्रीनवर आणखी गाड्या दिसू लागतात, त्यामुळे प्रोसेसरवरचा भारही वाढतो.

व्हीआरमध्ये वळणाची खोली आणि शेजारच्या गाडीचं अंतर खऱ्यासारखं कळतं. तीन स्क्रीनलाही ते जमत नाही. जागाही लागत नाही, हे वन बीएचकेत मोठंच. पण फ्रेम जराशा अडखळल्या तरी मळमळतं, आणि एप्रिल-मेमध्ये डोक्याला हेडसेट बांधून एसीशिवाय अर्धा तासही बसवत नाही. आधी कुणाचा तरी मागून घेऊन दोन-तीन वेळा वापरून बघा. तीन स्क्रीनचं ठरलंच तर तिन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे हवेत, नाहीतर रंग आणि उंची जुळत नाही. म्हणून पहिला मॉनिटर घेतानाच ज्याचं मॉडेल बाजारात टिकून असेल असा निवडा, आणि त्याच्या मागे भिंतीवर लावायच्या स्टँडची चार भोकं आहेत ना ते बघा.